मुठीची ठकूआई

फार वर्षांपूर्वीची, करंजखोपच्या शिवारात एकही विहीर नव्हती तेव्हाची ही गोष्ट. खरंखोटं मला विचारू नका. जशी कानावर आली तशी सांगतो.

शहरात प्लेगची साथ आली. ठकूचा विणकर नवरा त्यात गेला आणि कडेवरच्या बायजाला घेऊन ती सासऱ्याच्या गावी, करंजखोपला आली. म्हातारा सटवाजी मायेचा माणूस होता, पण ठकूला शेताची धास्तीच वाटायची. शहरात दाणा दुकानात दिसायचा, हातात यायचा. इथे म्हणे तो मातीत टाकायचा आणि वाट बघत बसायचं! साथीत तिनं सगळं डोळ्यांदेखत जाताना पाहिलं होतं. हातातलं सोडायचं म्हटलं की तिची बोटं आपोआप मिटायची.

हिवाळी ज्वारीची, शाळूची पेरणी आली. सटवाजीनं पेरायच्या पाभरीला बैल जुंपले. मागून चालत पाभरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीमुठीनं दाणे सोडायचं काम ठकूचं.

"मूठ सैल सोड, पोरी," म्हातारा सारखा ओरडत होता.

मूठ काही सैल होईना. थोडे दाणे चाड्यात पडायचे, थोडे गुपचूप तिच्या ओच्यात जायचे. पेरणी संपेपर्यंत एक मडकं गळ्यापर्यंत भरलं. ते तिनं चुलीमागच्या खड्ड्यात पुरलं आणि वर पाट टाकला. दिवसभर ती त्याच पाटावर बसून राहायची, असं म्हणतात.

मग टोळधाड आली. नुकते वर आलेले कोंब टोळांनी जमिनीसकट खरवडून नेले. पुन्हा पेरायला गावात कुणाकडे बी नव्हतं. पाऊस कधीच परतला होता आणि मातीतली ओल रोज खाली चालली होती. लोकांनी गाव सोडायचं ठरवलं, गाड्या बाहेर काढल्या. ठकू पाटावरून उठली नाही. आपल्या पोरीपुरतं आपल्याकडे आहे, बाकीचे आपापलं बघतील, असं ती मनाशी घोकत होती. मी तिला नावं ठेवणार नाही. पोटच्या पोरासाठी तुम्हीआम्हीही तेच केलं असतं.

गाड्या निघायच्या सकाळी बायजा भुकेनं रडायला लागली. ठकूनं मडक्यात हात घातला. वरचे दाणे कोरडे होते, पण तळाशी बोटांना काही ओलं, ऊबदार लागलं. तिथल्या दाण्यांना पांढरे मोड आले होते. ना माती, ना ऊन, ना कुणाची राखण, तरी ते आपले उगवायला निघाले होते. हात तसाच आत ठेवून ठकू खूप रडली. मग एका कडेवर पोर आणि दुसऱ्या कडेवर मडकं घेऊन ती चावडीपुढे गेली.

लोक खवळले. "आमची पोरं पाला खात्यात, आन् तू दाणं पुरून ठिवलंस?" पाटलानं मडक्याला हात घातला. "वाटून घ्या रं. आजची भाकरी तरी हुईल."

ठकूनं मडकं सोडलं नाही. "खाल्लं तर आजच संपेल. ते उगवायला निघालंय, मामंजी. पाभर जुंपा."

"आन् बायजा?" सटवाजीनं विचारलं.

"ती माझ्याबरोबर पाला खाईल."

ते ऐकून पाटलानं मडक्यावरचा हात काढला, असं म्हणतात.

म्हाताऱ्यानं कुणाकडे न बघता बैल जुंपले. ठकू मागून चालली आणि या खेपेला तिची मूठ मोकळी होती. सटवाजीचं रान झालं, शेजाऱ्याचं झालं, पाटलाचं झालं, पार माळापर्यंतचं झालं. मडक्यात हात घालावा तर दाणे आहेतच! पाऊस आला नाही. पण त्या हिवाळ्यात असं दव पडलं की छपरांना पागोळ्या लागायच्या. त्या दवावर शाळू असा उभा राहिला, की आत शिरलेल्या बैलाची शिंगंही दिसेनात.

सुगीत ठकूचा भाऊ गाडी घेऊन आला. साथ ओसरली, आता शहरात चल म्हणाला. ठकू बायजाला गरम भाकरी भरवत होती.

"तिथं धरून बसायचे, दादा, तरी झोप लागायची नाही," ती म्हणाली. "इथं सोडून देते आणि निवांत झोपते."

भाऊ रिकामी गाडी घेऊन परतला.

आजही करंजखोपात शाळूची पहिली मूठ गावात नव्यानं आलेल्या माणसानं सोडायची असते. नवी सून असो, मास्तरीणबाई असो, नाहीतर शहर सोडून आलेलं कुणी असो. नव्या माणसाची मूठ आखडतेच. कुणी हसत नाही, कुणी घाई करत नाही. ती सैल होईपर्यंत अख्खं गाव बैल धरून उभं राहतं.