ठमाबाईचा उजवा काठ

वैनगंगेवर अजून पूल झाला नव्हता आणि कोसमटोल्याला डोंग्यातून जावं लागायचं, तेव्हाची ही ठमाबाई हेडाऊ. त्याला आता फार वर्षं झाली.

तिच्या घरात मागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून दोघं शेजारी शेजारी बसायची, उजवीकडे नवरा डोमाजी, डावीकडे ठमाबाई. करवती काठाचं कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, लुगडं एकट्याचं काम नाही. काठाला करवतीसारखे दात असतात, ते ज्याचे त्याने आपल्या बाजूला गुंफायचे. डावीकडे धागा वरून अडकवायचा, उजवीकडे खालून. चाळीस वर्षं दोघांनी असं विणलं. डावा काठ तिच्या बोटांत, उजवा त्याच्या.

मग गिरणीचं लुगडं आलं. त्याच्यावर दात छापूनच यायचे. कोष्ट्यांच्या आळीतले खड्डे एकेक करून बुजले, वर शेण सारवून धान्याच्या कोठ्या बसल्या. सगळ्या गावात एकच माग उरला, आणि त्यावर अर्धं लुगडं असताना डोमाजी गेला.

आळीचा रिवाज असा, की विणकर अर्ध्यावर गेला तर तेरवीला मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, कापून नदीत सोडायचा आणि खड्डा बुजवायचा. आळीतला वडीलधारा झिबल बुढा सांगायला आला.

"ठमे, तेरवीच्या सांजेला माती आणतो. चार टोपल्यांत होईल."

"अन् लुगडं पुरं झालं त?"

"कोन करन पुरं? उजवा हात त गेला."

"मी करीन. होवोस्तोर माती तुमच्याच अंगनात राहू द्या, मामाजी."

खड्डा बुजला तर करवती काठ गावातून गेला तो गेलाच. हे ठमाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

दहाव्याला सुतक फिटलं. अकराव्याला ती डोमाजीच्या जागेवर जाऊन बसली आणि आपल्या जागेवर शेजारच्या तानूबाईला बसवलं. तानूबाईने जन्मात धोटा धरला नव्हता. पण चुलीवर भात करपला तरी चालेल, शेजारी काय चाललंय ते दिसलं पाहिजे, अशी ती बाई. वीस वर्षं तिने खिडकीतून बघितलं होतं.

"डावी बाजू मले पाठ हाये," ती म्हणाली. "उजवीकडं भाऊजींची पाठ आडवी यायची. जरा सरकून बसले असते त तेही शिकली असती."

"एवढं डोकावली, तरी अर्धंच पाह्यलंस व," ठमाबाई म्हणाली, आणि डोमाजी गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

डावे दात आले. तांदळाच्या दाण्याएवढे बारीक, जसे यायचे तसे. उजवे काही येईनात. खालून घेतलेला धागा निसटायचा, दात विरघळून जायचा. दोन दिवस विणलं तेवढं उकललं. तिची बोटं फुटली, असं म्हणतात, पण कोशावर रक्ताचा थेंब तिने पडू दिला नाही.

तेरवीची सकाळ उजाडली. कोपऱ्यात कोशांची टोपली पडली होती. घरात दुःख म्हणून तेरा दिवस कोसे उकळायचे राहून गेले होते. ठमाबाई डोमाजीच्या जागेवर नुसतीच बसली होती, आणि टोपलीत खसखस झाली. एक कोसा फुटला. मग दुसरा. मग सगळे. आतून पाखरं निघाली, तळहाताएवढी, तांबूस. ती उडाली आणि उजव्या काठाच्या मोकळ्या धाग्यांवर पंख पसरून ओळीने बसली, पंखांची टोकं लुगड्याकडे करून.

ठमाबाईने धागा पहिल्या पंखाच्या खालून घेतला. कडेकडेने नेला. दात आला. ते पाखरू उठलं आणि ओळीत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलं. मग दुसरं उठलं. दिवसभर असं चाललं. अर्ध्या लुगड्याचं काम एका दिवसात झालं, असं म्हणतात. आणि त्या दिवसात तानूबाई एक शब्द बोलली नाही, हे आळीत त्याहून मोठं नवल मानतात.

दिवस कलताना झिबल बुढा टोपल्या घेऊन दारात आला. त्याने लुगडं निरखलं.

"काठ चुकला, ठमे. डावे दात तांदळाएवढे अन् उजवे पाखराच्या पंखाएवढे. हे कोन नेसन?"

ठमाबाईने लुगडं तानूबाईला नेसवलं, मोठे दात पायाशी, बारीक दात खांद्यावर, आणि म्हणाली, "घाटापर्यंत चालून ये."

तानूबाई चालली. पावलागणिक पायाशी पंख उघडत होते, मिटत होते. दोन काठ कुठे एकापाशी एक आलेच नाहीत, मग चूक दिसणार कशी? डोंग्यातली माणसं किनाऱ्याला लागूनही उतरायची विसरली. झिबल बुढ्याने मातीच्या टोपल्या बाहेर ठेवल्या. मग तो घरी गेला, आपली कोठी सरकवली आणि पहार घेऊन बुजलेला खड्डा उकरू लागला.

आज कोसमटोल्यात बावीस माग आहेत. आता सुती ताणा घालतात, निळे-जांभळे रंग घालतात. पण प्रत्येक साडीचं हातभर विणायचं उरलं की मागावरची दोघं थांबतात, उठतात आणि जागा बदलून बसतात. तेवढं हातभर कापड वेडंवाकडं येतं. शहरातली गिऱ्हाइकं म्हणतात, हा तुकडा कापून द्या. कुणी कापत नाही. त्याला ठमाबाईचा हात म्हणतात.

आणि एखादा नवरा उठायचा कंटाळा करू लागला, तर बायको त्याला कोपराने ढोसते.

"सरका. उद्या मी एकटी राहिली त काय करू?"

मग तो सरकतो.