सत्ताविसाव्या पानावरचं दार

ही गोष्ट सांगायची नव्हती. घरच्यांनी आठ दिवस डोकं खाल्लं म्हणून सांगतो. मध्येच कोणी शंका काढायची नाही.

“म्हणजे किल्ली नाहीच ना, बुवा?”

विश्रामने हे तिसऱ्यांदा विचारलं. बुवा पडवीत बसून कोकमासाठी रातांबे फोडत होते. बोटं लालभडक. माणूस दोन एसट्या बदलून आला होता, पण बुवांनी पाण्याचंही विचारलं नव्हतं.

बुवा एके काळी एका मासिकात मोहिमा लिहीत. टेबलाभोवती बसून खेळायच्या. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं कोणी शिपाई, कोणी चोर व्हायचं, आणि फासा पडेल तसं पुढे जायचं. ज्या सूत्रधाराला स्वतःला काही सुचत नाही, त्याला मासिकात आयती गोष्ट मिळे.

विश्रामने सूत्रधार होऊन बुवांची एकच मोहीम सात वर्षं चालवली. तिच्या शेवटी एक लोखंडी दार. ते कधीच कोणाला उघडलं नाही. मग विश्राम त्या दारावर गावोगाव व्याख्यानं देऊ लागला. किल्ली नाही, हेच त्या दाराचं ज्ञान, म्हणे. लोक माना डोलवत.

“तुला ठाऊक आहे, तर मला कशाला विचारतोस?”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“का?”

विश्रामने पिशवी मांडीवर ओढली.

“इनास गेला, बुवा. आमच्या खेळातला चोर. सात वर्षं त्या दाराशी तोच खटपट करायचा. इस्पितळात माझा हात धरून म्हणाला, आता तरी सांग रे, किल्ली कुठे आहे.”

“तू काय सांगितलंस?”

“किल्ली नाहीच. शोधत राहायचं, तेच खरं.”

“मग?”

“त्याने भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा बोलला नाही माझ्याशी. तीन दिवसांनी गेला.”

बुवांनी हात पुढे केला. विश्रामने पिशवीतून अंक काढून दिला. प्लास्टिकचं कव्हर घालून जपलेला. बुवांनी सत्ताविसावं पान उघडलं. वर दाराचं वर्णन. खाली केसांच्या तेलाची जाहिरात, गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई.

बुवांनी लाल बोट त्या केसांवर टेकवलं.

“इथे होती.”

“काय?”

“किल्ली. माझ्या दोन ओळी. जाहिरात आली, जागा पुरेना, संपादकाने उडवल्या. दुरुस्ती छापा म्हणून तीन पत्रं टाकली. पुढचा अंक निघालाच नाही.”

विश्राम त्या डागाकडे बघत राहिला.

“काय... काय होतं त्या ओळींत?”

“दार उघडत नसेल तर सूत्रधाराने चोराला विचारावे, तुझ्या खिशात काय आहे? किल्ली तिथेच आहे. एवढंच.”

इनासचा चोर. इनासचा खिसा. सात वर्षं दर रविवारी तो हाताच्या अंतरावर बसत होता.

“मी छापलेल्याबाहेर एक शब्द बोललो नाही, बुवा. कधीच नाही. तुमचा शब्द म्हणून.”

“इस्पितळातसुद्धा?”

“तिथे तरी एखादी किल्ली ठोकून द्यायचीस,” बुवाच पुढे म्हणाले. “उंबऱ्याखाली आहे म्हणायचं. कोण जाणार होतं तपासायला?”

विश्रामने अंक परत घेऊन मिटला.

“आता मी माफी तरी कोणाची मागू?”

बुवांनी पुढचा रातांबा उचलला.

“ज्याची तू मागायचीस तो गेला. आणि ज्याने माझी मागायची तो संपादक, दिगंबर निरगुडे, रोज सकाळी धडधाकट फिरायला जातो.”