चार बोटांचं शीर्षक

एका गावात एक शेळी होती. ती हरवली, म्हणून ही गोष्ट.

शेळीचं नाव चांदी. ती कौशीची होती. कौशी चौथीत होती आणि तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत सुंदर होतं. हे गुरुजींनी एकदा सांगितलं होतं. त्यानंतर कौशीच रोज सांगायची.

चांदी दोन दिवस घरी आली नाही. कौशीला जेवण जाईना. आई म्हणाली, "रडून काय शेळी येते का? शाळेच्या भिंतीवर लिहून लाव. सगळा गाव तिथूनच जातो."

गुरुजींनी पाटीएवढा कागद दिला. "एकच उरलाय, जपून लिही. शीर्षक वर, मधोमध. उंची चार बोटं. खाली एक रेघ. शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, कारण सांगायचं अजून सुरूच झालेलं नसतं. मग खाली बारीक अक्षरात सगळं लिहायचं. शेळी कशी दिसते, कुणाकडे आणायची."

कौशीने आपली चार बोटं कागदावर ठेवून पाहिली. फारच थोडी जागा झाली. एवढ्या सुंदर अक्षराला एवढीशी? तिने विचार केला. चार बोटं कुणाची, ते काही गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

ती सरळ तालमीत गेली. भैरू पैलवान लोटाभर दूध पीत बसला होता.

"पैलवानमामा, जरा हात द्या."

"कशाला गं?"

"शीर्षकाला."

शीर्षक म्हणजे काय, हे पैलवानाला माहीत नव्हतं. पण तालमीत कुणी असले प्रश्न विचारत नाही. त्याने मिशीचं दूध पुसलं आणि कागदावर हात ठेवला. चार बोटं म्हणजे चार वांगी शेजारी शेजारी ठेवल्यासारखी. कौशी खूश झाली.

अक्षरं एवढी मोठी झाली की एका ओळीत बसेनात. वर 'हरवली' आलं, खाली 'आहे' आलं. त्याखाली रेघ आली. रेघ एकटी वाटली म्हणून तिच्यावर वेल आली. उरलेल्या कोपऱ्यात कौशीने आपलं नाव घातलं. कागद संपला. खळ लावून तिने तो भिंतीवर चिकटवला.

संध्याकाळी सगळा गाव कागदापुढे उभा होता. "काय अक्षर आहे!" लोक म्हणाले, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कौशीच्या दारात रांग लागली. एकाने छत्री आणली. एकीने डाव्या पायाची चप्पल आणली. कुंभाराने म्हैस आणली, अर्धा तास थांबला, मग ती आपलीच आहे असं त्याच्या लक्षात आलं आणि तो तिला परत घेऊन गेला. शेवटी बजरंग शिंपी आला. त्याने आपल्या सासूला आणलं होतं.

"ही हरवली नव्हती," तो म्हणाला, "पण बघा. तुमची असेल तर राहू द्या." आणि तो भराभर निघून गेला.

सासूचं नाव धुरपदाबाई. ती खाटेवर बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, "पोरी, मला काही वाचता येत नाही. पण सकाळपासून जो तो म्हणतोय, हरवली आहे, हरवली आहे. काय हरवली आहे?"

"माझी चांदी!" कौशी म्हणाली. "माझी शेळी!"

"मग ते लिहायला काय झालं होतं?"

"जागाच उरली नाही."

"जागा खाल्ली कुणी? शेळीने?"

कौशीने मान खाली घातली. छत्री आली, चप्पल आली, चांदी कुठेतरी उपाशी असेल. तिला रडूच आलं. मग ती उठली आणि शाळेकडे पळत सुटली.

तिने कागद पाण्याने भिजवून अलगद सोडवला. उन्हात वाळवला. मागची बाजू घेतली, आणि या वेळी स्वतःचीच चार बोटं ठेवली. शीर्षक लिहिलं, 'चांदी शेळी हरवली आहे'. ते एका ओळीत, मधोमध, नीट बसलं. खाली लिहिलं: 'रंग पांढरा. डाव्या कानाचं टोक तुटलेलं. गळ्यात लाल दोरी. हाक मारली तर येत नाही. मिळाल्यास कौशीकडे आणावी.'

खळ वाळायच्या आत पहिला वाचक आला. भैरू पैलवान. ओळीखाली बोट फिरवत त्याने सावकाश वाचलं.

"अगं, ही तर तालमीमागे बांधलीय! तीन दिवस झाले. आपली आपणच आली. कुणी विचारायलाच येईना."

"पण मामा, मी काल तालमीत आले होते!"

"आली होतीस ना. हात मागितलास, हात दिला. शेळी मागितली असतीस, तर शेळी दिली असती."

चांदी घरी आली. थोडी जाड झाली होती. तिने कौशीला ओळखलं नाही, पण ती पहिल्यापासून तशीच होती. कौशी तिच्या गळ्यात पडून हसत सुटली. पैलवानाला मात्र चांदीच्या दुधाची चुटपुट लागून राहिली.

तेव्हापासून गुरुजी वर्गात सांगतात, "शीर्षक चार बोटं. स्वतःची."

धुरपदाबाई अजून कौशीकडेच आहे. ती म्हणते, इथला चहा बरा असतो. शिंपी विचारायला आलेला नाही.

तात्पर्य: शीर्षक टोपीसारखं असावं, डोक्यावर शोभावं, डोळ्यांवर येऊ नये; जो आपली ऐट दाखवण्यात सगळी जागा घालवतो, त्याचं सांगायचं राहून जातं आणि त्याच्या दारात दुसऱ्याची सासू येते.