ढोलीतली धनेशीण

पूर्वी वरुणावती नगरीत अंशुधर राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या राजउपवनात माळी होऊन राहत होता.

ते उपवन राजाच्या पणजोबांनी लावलेले. आता इतके जुने झालेले, की कुठले झाड लावलेले आणि कुठले आपणहून उगवलेले, हे कुणालाच सांगता येत नसे. फाल्गुनात तळ्यावरचे धुके काठापर्यंत पसरे. त्यात चितळ हरणे मोहाची फुले वेचीत फिरत, तेव्हा वाटे, पाण्यावरूनच चालली आहेत की काय! बकुळीखाली तर वाऱ्यालाही झोप येई.

तळ्याकाठच्या म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची जोडी दरवर्षी घर करी.

एके दिवशी राणी मृगावती तिथे आली. लग्नाला दोनच महिने झालेले, आणि अंतःपुराबाहेर तिचे हे पहिलेच पाऊल. तिने वर पाहिले. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले, मध्ये बोटभर फट. नराने उंबर आणला आणि फटीतून डोकावणाऱ्या चोचीत ठेवला.

"अगं बाई! बायकोला चिणून ठेवलंय मेल्यानं!" राणीच्या डोळ्यांत पाणीच आले. "माळीबाबा, फोडा ती भिंत. फोडलीत, तर या उपवनाचे मुख्य आजपासून तुम्ही."

"देवी, ती भिंत तिनंच घातलीय," बोधिसत्त्व म्हणाला. "आत अंडी आहेत. तिची पिसं झडलीत, उडता यायचं नाही. भिंत पडली तर घोरपड आत शिरेल."

"स्वतःला कोण कोंडून घेतं? सगळे पुरुष असंच सांगतात."

पर्णक नावाचा दुसरा माळी हसला. "म्हाताऱ्याला मोठेपण पचत नाही, देवी. मी फोडतो की!"

त्याने शिडी लावून पहार मारली. एक ढलपा खाली पडला. नर ओरडत घिरट्या घालू लागला. बोधिसत्त्व फांद्या धरून भरभर वर चढला आणि त्याने भगदाडावर तळहात ठेवला.

"आता मारायची तर यावर मार. देवी, घडीभर थांबा. तिला सुटायचं असेल तर उरलेली भिंत ती स्वतः पाडील. तसं झालं तर मला इथून हाकला."

"उतर रे पर्णका," राणी म्हणाली.

दोघेही खाली आले. सगळे वाट पाहू लागले. मोहाची फुले एकेक करून टपटपत होती. मग नर तळ्याकाठचा चिखल घेऊन आला. आतून चोच निघाली, तिने तो घेतला आणि चोचीच्या कडेने थोपटून थोपटून भगदाड बुजवू लागली.

राणी किती वेळ बघत राहिली कोण जाणे. "बाहेर कधी येते?" तिने हळूच विचारले.

"तिला वाटेल तेव्हा. आतूनच फोडते."

"माझ्या महालाची दारं बाहेरून लागतात, बाबा."

संध्याकाळी राणीने सारे सांगितल्यावर राजाने बोधिसत्त्वाला मुख्यपद देऊ केले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "महाराज, पद राहू द्या. देवींच्या दाराची कडी तेवढी आतून बसवा."

राजाने लगेच सुताराला बोलावले.

कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची राणी म्हणजे आजची भिक्षुणी धम्मसिरी. पर्णक म्हणजे न विचारता सगळ्यांवर उपकार करीत सुटणारा आपला उत्तरिक. आणि तो माळी मीच होतो." समोरच्याला काय हवे ते आधी पाहते, ती करुणा. त्या जन्मी बोधिसत्त्वाने तीच आचरली.