मावळती की समुद्र?

फार फार पूर्वीची गोष्ट. ऐकताना डोकं फिरेल, हे आधीच सांगून ठेवते. माझं तर सांगताना दर वेळी फिरतं.

एका समुद्राकाठी एक राजा होता. त्याचं देऊळ डोंगरावर, म्हणून त्यानं दवंडी पिटवली की संध्याकाळी सगळ्यांनी डोंगराकडे तोंड करूनच हात जोडायचे. काठावरच्या एका वस्तीतली माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे बघून, त्यात बुडणाऱ्या सूर्याला हात जोडत आलेली. ती काही वळेनात. मग राजाचे शिपाई घरात शिरायचे, पेटत्या चुलीत पाणी ओतायचे आणि घरच्यांना हाकलून द्यायचे. वस्तीचा म्होरक्या गोमाजी. त्याला तर ते जिवंत सोडणार नव्हते. शेजारच्या साळूआक्कानं त्याला भाताच्या कणगीत लपवलं आणि दारात उभी राहून ती शिपायांशी कडाकडा भांडली, म्हणून तो वाचला.

शेवटी सगळे होड्यांत बसून समुद्रापार गेले. तिथं नवी जमीन सापडली. खारं पाणी अडवायला सगळ्यांनी मिळून मातीचा बांध घातला. उधाण आलं की अख्खं गाव टोपल्या घेऊन बांधावर धावायचं, खचेल तिथं माती टाकायचं. बांधाआड भात पिकू लागला.

आता सुखानं राहायचं की नाही? छे!

झालं काय, की या किनाऱ्यावर समुद्र उगवतीला होता आणि सूर्य मावळायचा डोंगरामागे. त्यामुळे संध्याकाळी काही जण समुद्राकडे हात जोडायचे, काही मावळतीकडे. कामाच्या रगाड्यात कुणाचं लक्ष गेलं नाही. पोटं भरली तेव्हा मात्र लोकांना एकमेकांच्या पाठी दिसू लागल्या.

गोमाजीनं गाव जमवलं. म्हणाला, "आपला देव मावळतीचा. समुद्राकडे बघणाऱ्यांनी वळावं, नाहीतर चालतं व्हावं."

साळूआक्का उठली. "गोमा, माझा लेक त्या पाण्यापलीकडे मातीत निजलाय. मी समुद्राकडेच बघणार. तुला काय त्रास होतो रे माझा?"

"नियम म्हणजे नियम, आक्का."

"अरे, डोंगराकडे वळा म्हणून चुली विझवणारा तो राजाच होता ना? आणि आता तूही डोंगराकडेच वळवतोस!"

"राजाचं चुकलं, कारण त्याचा देव खोटा. आपला खरा आहे."

ऐकलंत? हे बोलताना मेल्याची जीभ कशी अडखळली नाही! तिच्याच कणगीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला हाच तो माणूस. बोलून थांबला नाही, तिच्या घरी गेला आणि स्वतःच्या हातानं तिच्या चुलीत तांब्या उपडा केला. म्हातारीनं गाडगी-मडकी उचलली आणि समुद्राकडे बघणाऱ्यांना घेऊन ती खाडीपलीकडे गेली.

वाटलं असेल, आता तरी मिटलं. कसलं मिटतंय! उरलेल्यांत उभ्यानं हात जोडणारे निघाले आणि बसून जोडणारे निघाले. बसणाऱ्यांत डोळे मिटणारे आणि उघडे ठेवणारे निघाले. दर वेळी एक चूल विझायची आणि एक होडी खाडीपलीकडे जायची. गोमाजी मात्र खूश. म्हणे, गाव आता निर्मळ झालं!

मग मोठं उधाण आलं. बांध खचू लागला. गोमाजी घसा फोडून ओरडला. बांधावर आलं कोण? त्याची बायको आणि त्याचा भाऊ, बस्स. तिघांनी किती माती टाकायची? बांध फुटला. खारं पाणी शेतांत पसरलं, घरात शिरलं आणि गोमाजीची चूल विझली.

तिघंही होडीत बसून खाडीपलीकडे गेले. तिथं हाकललेले सगळे होते आणि त्यांनीही मिळून बांध घातला होता. संध्याकाळी कुणी समुद्राकडे बघे, कुणी मावळतीकडे, एक म्हातारा तर चक्क आडवा पडून हात जोडी. या घडीला मात्र सगळे डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावर धावत होते, कारण उधाण तिथंही चढत होतं.

गुडघाभर चिखलात उभ्या गोमाजीनं खाली मान घालून विचारलं, "आक्का, इथं कुणीकडे तोंड करायचं असतं?"

आक्कानं कपाळावर हात मारला. "अरे करंट्या, बांधाकडे! टोपली उचल आधी!"

त्यानं टोपली उचलली. तो बांध टिकला. गोमाजीच्या गावात मात्र पुन्हा भात पिकला नाही. तिथं आजही भरतीचं पाणी येतं आणि जातं.

म्हणून सांगते, जी मोकळीक आपण स्वतःसाठी मागितली, ती शेजाऱ्याला नाकारली, तर ती आपल्याकडेही उरत नाही.