ऑसिलोस्कोपपुढचं फूल

कम्युनिटी कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचा कोर्स संपला, तरी मंजूषा ढोबळेने एकाही यंत्राला हात लावला नव्हता. शिवणकाम सोडून, सासरी भांडून ती इथे आली होती. आता कुठल्या तोंडाने घरी जायचं, हाच विचार तिच्या डोक्यात घोळे.

विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप कायम कपाटात कुलूपबंद. "बिघडला तर?" असं म्हणून संस्थेचे अध्यक्ष मोहोडसाहेब किल्ली स्वतःजवळच ठेवत. फक्त दसऱ्याला पूजेपुरता तो बाहेर निघे.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, तेव्हा मात्र तो टेबलावर मांडला गेला. मोहोडसाहेब मिशीवर ताव देत म्हणाले, "असं यंत्र जिल्ह्यात कुणाकडे नाही. हं बाई, शिकलात ते करून दाखवा!"

कुठलं बटण कशाचं, मंजूषाला काही उमजेना. नापास तर ती होणारच होती. तिने चपला काढल्या, परीक्षकांच्या सत्काराला आणलेल्या हारातलं एक फूल यंत्राला वाहिलं आणि हात जोडले.

"हा काय चावटपणा?" मोहोडसाहेब गरजले.

"साहेब, या यंत्राचं आम्हाला एवढंच शिकवलंय."

मोहोडसाहेबांचा हात मिशीवरून खाली आला. परीक्षकांनी उठून स्वतःच बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला. कपाटातल्या कपाटात यंत्र कधीच मेलं होतं.

फूल उचलायला शिपाई पुढे झाला.

"राहू दे," मंजूषा म्हणाली.