गजशाळेतील निखारे

फार पूर्वी वेत्रपूर नगरीत सुबाहू राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तेथील गजाध्यक्षाच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव धीरक. हत्तींच्या सहवासात वाढल्यामुळे त्याला एक सवय जडली होती. एखादा हत्ती पाण्याला तोंड लावीना, की माहूत अंकुश उचलत. धीरक मात्र त्याच्या शेजारी बसे आणि हा का पीत नाही, ते पाहत राही. कधी हौदाच्या तळाशी साप निघे, कधी पाण्यात हलणारी एखाद्या पताकेची सावली हत्तीला नकोशी झालेली असे. कारण सापडले की धीरकाचा चेहरा खुले. पुढे वडिलांच्या मागे तोच गजाध्यक्ष झाला, तरी ही सवय काही सुटली नाही.

एका ग्रीष्मात नगराच्या पूर्वेकडील वेळूवाडीला आग लागली. घरे बांबूची, छपरे गवताची, आणि त्यात वारा सुटलेला. भर दुपारी सगळी वस्ती जळून गेली. काही माणसे दगावली. उरलेली कुटुंबे पोराबाळांना घेऊन वेशीबाहेरच्या माळावर बसून राहिली. राजाला हे कळले तेव्हा त्याने हत्तींना नदीपलीकडच्या वनात हलवले आणि रिकामी झालेली गजशाळा त्या लोकांना राहायला दिली. राजाच्या कोठारातून धान्य येऊ लागले. गजशाळा धीरकाच्या पायाखालची, म्हणून व्यवस्थाही त्याच्याकडेच आली.

नियम मात्र महामात्य कालसेनाने ठरवले. कालसेन वृद्ध होता, आणि त्याने कधी कोणाला झुकते माप दिले नाही अशी त्याची ख्याती होती. त्याने ठरवले, की दिवेलागणीनंतर घंटा होईल आणि सर्वांना एकाच वेळी, एकाच पंगतीत जेवण मिळेल. जेवणाआधी सगळे राजकुलाच्या देवीपुढे हात जोडतील. आपापला देवधर्म ज्याने त्याने दाराबाहेर ठेवावा, आणि अग्नी तर कोणी आत आणूच नये.

"धीरका," तो म्हणाला, "एकाला त्याच्या मनासारखं दिलंस, की दुसरा त्याच्या मनासारखं मागेल. वस्तीत नाना पंथ आहेत आणि छप्पर एक आहे. सगळ्यांना सारखं वागव, म्हणजे तंटा होणार नाही."

धीरकाला हे पटले. त्याने तसेच चालू केले.

थोडे दिवस गेले आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. नागिल नावाचा एक म्हातारा विणकर आपल्या सुना-नातवंडांसह पंगतीला येई, पानावर वाढून घेई, आणि सगळे अन्न शेजाऱ्यांच्या पानात सारून हात जोडून उठे. वाढपी म्हणत, म्हातारा रुसला आहे, राजाचे अन्न त्याला गोड लागत नाही. धीरक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नागिलाजवळ जाऊन बसला. रागाने विचारावे असे काही त्याच्या मनात नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"तात, तुम्ही जेवत का नाही?"

म्हाताऱ्याने सांगितले, की आपण निर्ग्रंथ मुनींचे अनुयायी. सूर्य मावळल्यावर त्यांच्या घरात कोणी अन्नाला शिवत नाही. दिव्यावर किडे झेप घेतात, ताटात पडतात, आणि अंधारात जेवणारा नकळत जीव खातो. दिवसभर ही माणसे रानातली फळे शोधून खात होती. मग हे आधी का सांगितले नाही, असे धीरकाने विचारले, तेव्हा नागिल म्हणाला, "ज्याच्या आसऱ्याला आलो, त्याच्या स्वयंपाकाची वेळ कशी बदलायला सांगायची? आणि आम्हाला कुणी विचारलंही नाही."

त्या दिवसापासून स्वयंपाक थोडा लवकर सुरू झाला, आणि नागिलाच्या घरच्यांची पाने ऊन असतानाच मांडली जाऊ लागली. एवढ्याने भागले. धीरकाला नवल वाटत राहिले. जवळच बसलेला माणूस उपाशी आहे हे आपल्याला दिसले, आणि का उपाशी आहे हे मात्र दिसले नाही!

मग तो गजशाळेत फिरू लागला, माणसांपाशी बसू लागला. देवीपुढे हात जोडताना कोण ओठांत दुसरेच नाव घेतो, कोण डोळे मिटून नुसता उभा राहतो, हे त्याला दिसू लागले. अशाच एका सकाळी द्वारपालाने बोलता बोलता सांगितले, की एक बाई आगीच्या दिवसापासून बाहेर चिंचेखाली बसली आहे. तिच्याजवळ निखाऱ्यांचे मडके आहे. विझवून आत ये म्हटले तर ऐकत नाही. तिची मुलगी उन्हाने तापली आहे.

धीरक चिंचेखाली गेला. बाईचे नाव वासुला. तिने त्याला पाहताच मडक्यावर पदर धरला आणि म्हणाली, "विझव म्हणायला आला असाल, तर आल्या वाटेने जा."

"विचारायला आलोय, भगिनी. हा विझला तर काय होतं?"

वासुलेने मडक्यावरचा पदर सैल केला. मग तिने सांगितले. तिच्या सासरी नवी नवरी घरात आली, की सासू चुलीतले निखारे तिच्या मडक्यात घालते. सासूला ते तिच्या सासूने दिलेले असतात. घरातली गेलेली माणसे याच उबेच्या मागावर घर शोधत येतात, अशी त्यांची श्रद्धा. तिचा नवरा नावेवर होता, दूर दक्षिणेच्या बंदराकडे गेलेला. आग लागली तेव्हा एका काखेत मुलगी आणि एका हातात मडके, एवढेच घेऊन ती बाहेर पडली होती.

"घर गेलं," ती म्हणाली. "आता हाच काय तो आमचा उंबरा."

धीरकाला कारण सापडले होते. त्या आनंदात त्याने मुलीला उचलले, वासुलेला मडक्यासकट आत आणले, आणि हत्ती बांधायच्या शेवटच्या ठाणाच्या थंड सावलीत जागा करून दिली. मडक्यातून धुराची बारीक रेघ वर चढली.

शेजारच्या ठाणात चंपिका नावाची एक बुरडाची बायको बसली होती. तिचा लहानगा त्या आगीत गेला होता. धूर नाकात जाताच ती खांबाला धरून उभी राहिली. मग ती भिंतीचा आधार घेत दाराबाहेर गेली, आणि ज्या चिंचेखालून वासुला उठून आली होती, तिथे जाऊन बसली.

हे पाहून धीरकाला आपली चूक उमगली. एकीला विचारले, पण दुसरीला विचारायचे राहूनच गेले होते. तो पुन्हा बाहेर गेला. तिच्याजवळ बसून त्याने विचारले, तेव्हा चंपिका बोलली. अग्नी दिसला तर ती सोसू शकत होती. चुली तर रोजच दिसतात, पण त्या दूर, आवाराच्या टोकाला. "धूर मात्र नको, आर्य," ती म्हणाली. "धूर आला, की मला माझ्या लहानग्याचा आवाज ऐकू येतो."

आता धीरक वासुलेकडे गेला आणि एकेक गोष्ट विचारू लागला. निखारे छपराखालीच हवेत का? नाही, उघड्यावर चालतील. ज्वाळा हवी का? नको, राखेखाली धुगधुगी राहिली तरी पुरे. दुसऱ्या कोणी सरपण घातले तर? ते चालणार नाही. घरच्या बाईच्या हातूनच घालायचे, आणि ती निजेल तिथून ते दिसायला हवेत.

धीरक आवारात हिंडला. नदीच्या अंगाला हत्तींचा एक दगडी हौद कोरडा पडला होता. तिथला वारा गजशाळेकडून नदीकडे वाहत असे. हौद शेवटच्या ठाणातून समोर दिसत होता. त्याने हौदाभोवतीच्या चरात पाणी सोडले आणि मडके मधोमध ठेववले. चंपिकेला त्याने दुसऱ्या टोकाचे ठाण दिले. ती आत आली, पण दारापासून फार आत गेली नाही.

कालसेनाला हे कळले तेव्हा तो राजाकडे गेला. जळालेल्या लोकांच्या निवाऱ्यात धीरकाने अग्नी आणून ठेवला आहे, हे त्याने सांगितले, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. धीरकाने निरोप पाठवला, की त्या अग्नीने काडीचे जरी नुकसान झाले, तरी त्याचे शासन आपण भोगू. राजाने स्वतः येऊन पाहायचे ठरवले.

राजा सकाळी आला तेव्हा वारा फिरलेला होता. नदीकडून गजशाळेकडे झुळका येत होत्या. हौदात मडके नव्हते, वासुला नव्हती, तिची आजारी मुलगीही अंथरुणावर नव्हती. चंपिकेचे ठाणही रिकामे होते. कालसेनाने धीरकाकडे पाहिले. धीरकाने द्वारपालाला विचारले, तेव्हा त्याने नदीच्या घाटाकडे बोट दाखवले. तिघेही घाटाकडे निघाले.

घाटाच्या वरच्या पायरीवरून त्यांना खालचे नदीचे वाळवंट दिसले. दूर, जिथून धूर गजशाळेला पोचणार नाही अशा जागी, वासुला मडके घेऊन तापत्या वाळूत बसली होती. तिच्यापासून काही अंतरावर, वारा येत होता त्या बाजूला, चंपिका उभी होती. तिच्या खांद्यावर वासुलेची मुलगी होती. आई दिसेना म्हणून मुलगी रडू लागली होती, आणि चंपिका तिला उचलून घेऊन आली होती.

"वारा फिरला हे तुला कसं कळलं?" चंपिका विचारत होती. वाऱ्यावर त्यांचे बोलणे पायरीपर्यंत ऐकू येत होते.

"तू नाकाला पदर लावलास, ते मी माझ्या ठाणातून पाहिलं."

चंपिकेने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग तिने विचारले, "तुमच्यात गेलेल्या माणसांसाठी काय करतात?"

"त्यांचं नाव घेऊन चिमूटभर तांदूळ निखाऱ्यावर घालतो."

"मी या अग्नीला काही देणार नाही. त्यानं माझं घेतलं तेवढं पुरे."

"नको देऊस," वासुला म्हणाली.

चंपिका तशीच उभी राहिली. मुलीच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून ती थोडी वळली, आणि मग हळूच खाली बसली.

"पिंगल नाव होतं त्याचं," ती म्हणाली. "त्याला दात येत होते."

वासुलेने मडक्यातल्या निखाऱ्यांवर राख ओढली आणि म्हणाली, "अजून सांग."

पायरीवर उभ्या असलेल्या तिघांपैकी कोणी पुढे गेले नाही. परतताना कालसेन म्हणाला, "हे आज निभावलं. उद्या दहा जण दहा गोष्टी मागतील."

"मागतील, महामात्य," धीरक म्हणाला. "मग दहा जणांजवळ बसावं लागेल. काही गोष्टी देता येतील, काही येणार नाहीत. पण त्यांच्याजवळ बसल्याशिवाय ते कळायचं कसं?"

राजाने त्याला विचारले, की मग हा निवारा तू कोणत्या नियमाने चालवतोस? तेव्हा बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

सारखे वाढिले अन्न, तरी कोणी उपाशी ।
न पुसता केली दया, ती पोचेना कुणापाशी ॥

राजा विचारात पडला. "माझ्या देवीलाही," तो शेवटी म्हणाला, "भुकेल्या माणसांकडून हात जोडून घ्यायची हौस नसावी." त्या दिवसापासून जेवणाआधी हात जोडण्याचा नियम सुटला. ज्यांना जोडायचे होते ते जोडत राहिले. कालसेनही अधूनमधून गजशाळेत येऊ लागला. प्रथम तो लक्ष ठेवायला येई, पुढे नागिलाजवळ बसून निर्ग्रंथांच्या व्रतांविषयी विचारताना त्याला वेळेचे भान राहीनासे झाले.

वासुलेची मुलगी बरी झाली. पावसाळा सरल्यावर नवे वेळू तोडले गेले आणि वस्ती पुन्हा उभी राहिली. चंपिकेची धुराची धास्ती काही गेली नाही. वासुलेचा नवरा नावेवरून परतला, तेव्हा त्याला आपले घर सापडायला वेळ लागला. कारण वासुलेने ते जुन्या जागी न बांधता, चंपिकेच्या अंगणात धूर जाणार नाही अशा बाजूला बांधले होते.

पुढे कितीतरी जन्मांनी, एका वर्षावासात, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, विहाराच्या ओसरीवर पुराने बेघर झालेली निरनिराळ्या पंथांची कुटुंबे उतरली होती, आणि त्यांना कसे वागवावे याविषयी भिक्षूंमध्ये मतभेद झाला होता. तेव्हा त्यांचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा महामात्य कालसेन म्हणजे आज सर्वांना एकच नियम असावा म्हणणारा उग्रतेज. राजा सुबाहू म्हणजे या विहाराला जमीन देणारा गृहपती मणिभद्र. विणकर नागिल म्हणजे स्थविर शांतरक्ष. वासुला आणि चंपिका म्हणजे ओसरीच्या दोन टोकांना राहणाऱ्या उपासिका विशोका आणि मंदारा. गजाध्यक्ष धीरक मीच होतो. दुसऱ्याची श्रद्धा आपली नसली, तरी तिच्याजवळ बसून तिला समजून घ्यावे आणि मग निवारा द्यावा. हीच मैत्री, आणि त्या जन्मी मी तिचे पालन केले."